शहराचा कार्बन मोजायचा, तर आधी हद्द ठरवा

नगरपालिकेच्या सभेत रस्ते, पाणी, गटार यांच्या जोडीला आता ‘आपल्या शहराचं कार्बन उत्सर्जन किती?’ हाही प्रश्न येऊ लागला आहे. २ ऑक्टोबर २०२० ला राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान सुरू झालं. पुढे केंद्राच्या अमृत योजनेतली महाराष्ट्रातली ४३ शहरं ‘रेस टू झीरो’ या जागतिक मोहिमेत सामील झाली. मार्च २०२२ मध्ये मुंबईने स्वतःचा हवामान कृती आराखडा काढला. थोडक्यात, प्रश्न कागदावर आलाच आहे. उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी बाहेरून येतं: कुणीतरी सल्लागार दशांश चिन्हापुढे दोन आकडे असलेली एक भली मोठी संख्या आणून देतो. ती कशाकशाची बेरीज आहे आणि त्यातून काय वगळलं आहे, असं विचारलं की सभागृहात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात.

ती बेरीज स्वतः करून बघावी असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पर्यावरण विभागातले अभियंते, भूगोलाचे प्राध्यापक, प्रकल्पाच्या शोधात असलेले विद्यार्थी, सोसायटीचे सेक्रेटरी, अभ्यासू नगरसेवक, कुणीही. विजेची बिलं, सिलिंडरचा हिशेब, पंपावरची इंधनविक्री, कचऱ्याच्या गाड्यांचं वजन आणि एक्सेलची एक फाइल, एवढ्यावर काम भागतं. शिवाय चिकाटी लागते, कारण आकडे देणारा माणूस पहिल्या चकरेत जागेवर सापडत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. चौकातल्या फलकावर हवेच्या दर्जाचा आकडा झळकतो, तो म्हणजे कार्बन नव्हे. तो फलक धूलिकण आणि काही विषारी वायूंचं प्रमाण सांगतो. कार्बन डायऑक्साइड त्या निर्देशांकात धरलेलाच नसतो. रिक्षा सीएनजीवर आल्या की काळा धूर जातो, फुप्फुसांना आराम पडतो. कार्बन त्या मानाने थोडाच घटतो, कारण एक किलो सीएनजी जळला की सुमारे पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच. म्हणून ‘शहर स्वच्छ दिसतंय’ हा कार्बन कमी झाल्याचा पुरावा धरू नका.

मोजणीची रीत साधी आहे. नळकांड्याला यंत्र लावायचं नाही. काय जाळलं, किती जाळलं ते शोधायचं आणि ठरलेल्या गुणांकाने गुणायचं. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं, पण त्यातून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हे सांगितलं की ऐकणारा हटकून विचारतो, पाऊण किलोचे सव्वादोन किलो कसे झाले? पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन पकडतो. बारा भाग कार्बनला बत्तीस भाग ऑक्सिजन लागतो. वाढीव वजन हवेतून आलेलं असतं. डिझेलचा गुणांक लिटरला साधारण २.७ किलो. स्वयंपाकाच्या गॅसचा किलोमागे ३ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या भरलेल्या सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो. पाइप गॅसचा घनमीटरमागे जवळपास २ किलो. विजेचा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण वेळोवेळी प्रसिद्ध करतं. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास आहे. एवढे पाच आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की निम्मं काम झालं.

चिमणी कोणाची, दिवा कोणाचा

हिशेब चुकतो तो गुणाकारात कमी आणि हद्दीत जास्त. कोराडीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या नागपूरच्या वेशीवर दिसतात. तिथली वीज मात्र राज्यभर जाते. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्या कोळशाचा सगळा कार्बन चंद्रपूरकरांच्या नावावर टाकायचा, की ज्या शहरांत त्या विजेवर एसी चालतात त्यांच्या? उलट बाजूने पाहिलं तर ट्रॉम्बेचं केंद्र मुंबई महापालिकेच्या हद्दीतच आहे, तरी मुंबईला लागणाऱ्या विजेचा मोठा भाग बाहेरून येतो.

या गुंत्यासाठी जगभर एक ठरलेली पद्धत वापरतात. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट, सी-४० आणि इक्ली या संस्थांनी २०१४ मध्ये शहरांसाठी नियमावली तयार केली. तिला जीपीसी म्हणतात. तिच्यात उत्सर्जनाचे तीन गट आहेत. हद्दीच्या आत जे जळलं ते स्कोप १. हद्दीच्या आत वापरलेल्या ग्रीडच्या विजेमुळे जे दुसरीकडे जळलं ते स्कोप २. शहराच्या व्यवहारामुळे हद्दीबाहेर जे घडलं, म्हणजे बाहेरच्या डेपोत गेलेला कचरा, हद्द ओलांडून झालेला प्रवास, तारांमधली वीजगळती, ते स्कोप ३. आता कोराडी-चंद्रपूरचं उत्तर मिळतं. वीज बनवून ग्रीडला देणाऱ्या केंद्राचं उत्सर्जन ज्या हद्दीत ते केंद्र असेल तिथल्या तक्त्यात वेगळं नोंदवायचं, पण शहराच्या बेरजेत धरायचं नाही. नाहीतर तोच धूर दोनदा मोजला जाईल, एकदा जिथे बनतो तिथे आणि एकदा जिथे दिवा लागतो तिथे. कोणत्याही शहराचा अहवाल हातात आला की आधी स्कोपचं पान उघडा. स्कोपची फोड दिलेली नसेल तर पुढची पानं वाचण्यात वेळ घालवू नका, असं माझं मत आहे.

दुसरी अडचण, हद्द स्वतःच हलते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. २०१६ चा पुण्याचा आकडा आणि २०२२ चा आकडा शेजारी ठेवून ‘उत्सर्जन एवढं वाढलं’ म्हणणं म्हणजे शुद्ध धूळफेक आहे. त्या वाढीतला एक भाग निव्वळ नकाशा बदलल्यामुळे आलेला असतो. हद्द वाढली तर जुन्या वर्षाचा हिशेबही नव्या हद्दीवर परत मांडावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

आधारवर्षही, म्हणजे ज्याच्याशी पुढची तुलना करायची ते वर्षही, जपून निवडा. २०२० किंवा २०२१ घेतलं तर टाळेबंदीमुळे आधारच खाली बसतो आणि पुढच्या प्रत्येक वर्षी उत्सर्जन वाढलेलं दिसतं. मुंबईने २०१९ घेतलं, ते योग्यच केलं. मुंबईच्या आराखड्यानुसार त्या वर्षीचं उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन कार्बन-समतुल्य (म्हणजे मिथेनसारखे वायूही कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून धरलेले) होतं. त्यात इमारती आणि उद्योगांतल्या ऊर्जेचा वाटा ७२ टक्के, वाहतुकीचा २० आणि कचऱ्याचा ८. दरडोई आकडा १.८ टन. इथे एक खोड लावून घ्या: एकूण आकड्याला दरडोई आकड्याने भागा. उत्तर येतं १ कोटी ३० लाख, म्हणजे हिशेब करणाऱ्यांनी मुंबईची लोकसंख्या एवढी धरली होती. २०११ नंतरची जनगणना लांबल्यामुळे प्रत्येक शहर लोकसंख्येचा अंदाजच वापरतं, आणि आपला दरडोई आकडा कमी दिसावा असं वाटलं तर लोकसंख्या थोडी फुगवली की झालं. अहवालात लोकसंख्या कुठून घेतली हे लिहिलेलं नसलं, तरी या भागाकारातून ती पकडता येते.

एका सोसायटीपासून सुरुवात

संपूर्ण शहराला हात घालण्याआधी एक सोसायटी करून बघा. समजा, ४० घरांची, १६० माणसांची एक इमारत आहे. घरटी महिन्याला २०० युनिट धरले तर वर्षाला ९६,००० युनिट, म्हणजे ६७ टन. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्या सामायिक मीटरवर महिन्याला १,५०० युनिट पडत असतील तर वर्षाचे साडेबारा टन. घरटी वर्षाला आठ सिलिंडर, म्हणजे ३२० सिलिंडर, सव्वातेरा टनांच्या थोडं वर. पन्नास दुचाकी आहेत आणि प्रत्येकीत महिन्याला १५ लिटर पेट्रोल जातं असं धरलं तर वर्षाचे पावणेएकवीस टन. वीस मोटारी, प्रत्येकी महिन्याला ४० लिटर, म्हणजे बावीस टन. गाड्या निम्म्याहून कमी, पण कार्बन पन्नास दुचाक्यांपेक्षा जास्त.

आता ओला कचरा. घरटी दिवसाला ८०० ग्रॅम धरला तर वर्षाला पावणेबारा टन भरतो. तो डेपोच्या उंच ढिगात गाडला गेला की हवा नसल्यामुळे कुजताना मिथेन तयार होतो. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या सूत्राने हिशेब मांडू. अन्नकचऱ्याच्या वजनात कुजू शकणारा कार्बन १५ टक्के. त्यातला निम्मा खरोखर कुजतो. पाच मीटरहून खोल पण व्यवस्थापन नसलेल्या ढिगाचा गुणांक ०.८, निघणाऱ्या वायूत मिथेन निम्मा, आणि कार्बनचं मिथेनमध्ये रूपांतर करायला १६ भागिले १२. सगळं गुणलं की एका टनामागे ४० किलो मिथेन येतो. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरतात, म्हणजे एक टन ओल्या कचऱ्यामागे सुमारे १.१२ टन. सोसायटीचे वर्षाला तेरा टन.

सामायिक मीटरच्या आकड्याशी हा आकडा ताडून पाहा. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून वर्षभरात जेवढा कार्बन होतो, तेवढाच जवळजवळ ओल्या कचऱ्यातून होतो. दिवे बदलण्यासाठी सर्वसाधारण सभेत तासभर वाद घालणारी मंडळी आवारातल्या खतखड्ड्याचा विषय मात्र ‘वास येतो’ म्हणून दोन मिनिटांत गुंडाळतात. नीट हवा मिळणाऱ्या खड्ड्यातही थोडा मिथेन निघतो, पण डेपोतल्या ढिगाच्या मानाने तो फारच कमी.

सगळी बेरीज १४९ टनांच्या आसपास जाते, माणशी ०.९३ टन. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या इमारतीतली खरी बिलं घातली की चित्र बदलेल. एक ओळ मात्र विसरू नका, कारण ती कुणीच धरत नाही: एसीतला गॅस. आर-४१०ए या गॅसचा एक किलो म्हणजे जवळपास दोन टन कार्बन-समतुल्य. एका एसीतून तेवढा गॅस गळून गेला तर सुमारे २,८०० युनिट वीज जाळल्याइतकं नुकसान होतं. नव्या यंत्रांतला आर-३२ त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. ‘गॅस भरला’ असं लिहिलेल्या मेकॅनिकच्या पावत्या गोळा केल्या की हा आकडा निघतो.

आकडे कुठे मिळतात आणि कुठे फसवतात

सोसायटीत बिलं हातात असतात. शहरात ती मागावी लागतात. विजेचा आकडा महावितरणच्या उपविभागाकडून ग्राहकगटानुसार मिळू शकतो: घरगुती, व्यापारी, औद्योगिक, पथदिवे, पाणीपुरवठा. फक्त उपविभागाची हद्द आणि नगरपालिकेची हद्द जुळत नाही. कडेची गावं फीडरनुसार वगळावी लागतात, आणि ते काम शाखा अभियंत्याशेजारी बसूनच होतं. मुंबईत तर बेस्ट, अदाणी, टाटा आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण, असे चार दरवाजे ठोठावावे लागतात. महापालिकेची स्वतःची बिलं विद्युत विभागात असतात. ती आधी घ्या. कित्येक लहान शहरांत सगळ्यात मोठं बिल पथदिव्यांचं नसून पाण्याच्या पंपांचं असतं. धरणातून पाणी उताराने येतं की उपसून चढवावं लागतं, यावर शहराच्या कार्बनचा एक मोठा भाग ठरलेला असतो.

वाहतूक हे सगळ्यात निसरडं प्रकरण आहे. पुष्कळ विद्यार्थी आरटीओची वाहननोंदणी घेतात आणि तिला सरासरी किलोमीटरने गुणतात. असं करू नका. नोंदणीत भंगारात गेलेल्या, विकून दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचलेल्या गाड्यांचाही भरणा असतो. इंधनविक्रीचा आकडा त्याहून बरा, पण त्यालाही कड आहे. हद्दीवरच्या महामार्गाच्या पंपावर रात्री ट्रकच्या रांगा लागतात. ते डिझेल तुमच्या शहरात जळत नाही. राज्याच्या सीमेवर गंमत उलटी असते. बांदा-सावंतवाडीकडची मंडळी गोव्यात गेली की टाकी भरूनच परततात, कारण तिकडे पेट्रोल स्वस्त पडतं. ते पेट्रोल विकलं गेलं गोव्यात आणि जळलं सिंधुदुर्गात. अशा शहरांत विक्रीच्या आकड्याला थोडी पडताळणी जोडावी लागते. गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला आलेल्या शंभर-दोनशे गाड्यांचे ओडोमीटर आणि खरेदीचं वर्ष टिपलं तरी वर्षाला गाडी सरासरी किती पळते याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

मग कल्याणहून लोकलने फोर्टात कामाला जाणाऱ्या माणसाचा प्रवास कोणाचा? कल्याण-डोंबिवलीचा, ठाण्याचा की मुंबईचा? एक मान्य पद्धत अशी आहे की तो निम्मा निघण्याच्या शहराला आणि निम्मा पोहोचण्याच्या शहराला द्यायचा. दुसरी पद्धत रूळ ज्याच्या हद्दीतून जातात त्याला तेवढा भाग देते. कोणतीही घ्या, पण शेजारच्या महापालिकेने कोणती घेतली ते विचारून घ्या, नाहीतर तोच प्रवासी दोघांच्या वहीत येईल किंवा कोणाच्याच येणार नाही. इलेक्ट्रिक दुचाकींचंही तसंच: त्यांचा कार्बन वाहतुकीच्या रकान्यातून विजेच्या रकान्यात जातो. शंभर किलोमीटरला तीन युनिट धरले तर दोन-सव्वादोन किलो. लिटरला पन्नासचा ॲव्हरेज देणारी पेट्रोलची स्कूटर त्याच अंतराला साडेचार किलो सोडते. म्हणजे कार्बन निम्मा झाला, शून्य झालेला नाही. ‘झीरो एमिशन’ हे पाठीमागे चिकटवलेल्या स्टिकरपुरतं खरं.

कचऱ्याचे आकडे वजनकाट्यावर मिळतात, पण काटा बंद असला की गाड्यांच्या खेपा मोजून अंदाज ठोकला जातो, आणि तो बहुधा जास्तच असतो. उत्सर्जनाचा अंदाज मात्र कमी निघू शकतो. २०२२ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. उपग्रहांवरून ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई इथल्या कचराभूमींवरचा मिथेन त्यात पाहिला होता. नेहमी वापरल्या जाणाऱ्या कागदी अंदाजांपेक्षा या शहरांचं मिथेन उत्सर्जन १.४ ते २.६ पट निघालं. म्हणून कचऱ्याच्या ओळीपुढे नेहमी ‘विश्वास कमी’ असा शेरा मारून ठेवा. मुळात तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यापुढे उत्तम, मध्यम, कमी यांपैकी एक शेरा असलाच पाहिजे. मीटरवरचा आकडा उत्तम, नमुना पाहणीतला मध्यम, राज्याची सरासरी लोकसंख्येने वाटून काढलेला कमी. कमी दर्जाच्या तीन आकड्यांची बेरीज दोन दशांशांपर्यंत छापणाऱ्या अहवालाचं मला नेहमी हसू येतं.

वाढलं ते कशामुळे

एकूण आकडा मिळाला की बातमी होते, पण धोरण ठरवायला तो पुरत नाही. विचारायचं ते हे की पाच वर्षांत उत्सर्जन वाढलं, तर कशाने वाढलं. जपानचे ऊर्जा-अर्थतज्ज्ञ योइची काया यांनी मांडलेलं एक समीकरण इथे कामाला येतं. उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे निघणारा कार्बन, या चौघांचा गुणाकार. आपल्याकडे उत्पन्नाचे आकडे जिल्ह्यापर्यंत मिळतात, नगरपालिकेपर्यंत नाहीत. म्हणून शहराच्या पातळीवर मधले दोन घटक एकत्र करून ‘माणशी वापर’ असं धरा. राहिले तीन: माणसं किती, माणशी युनिट किती, युनिटमागे कार्बन किती.

उदाहरण घेऊ. एखाद्या शहरात पाच वर्षांत लोकसंख्या १० टक्क्यांनी वाढली, माणशी वीजवापर २५ टक्क्यांनी वाढला, आणि ग्रीडमध्ये सौर-पवन वीज आल्यामुळे युनिटमागचा कार्बन ५ टक्क्यांनी घटला. १.१० गुणिले १.२५ गुणिले ०.९५ म्हणजे १.३०६, उत्सर्जन ३०.६ टक्क्यांनी वाढलं. यात कोणाचा वाटा किती? शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’ लिहिलेली कळ असते. तिन्ही आकड्यांचं ते मूल्य काढा: ०.०९५, ०.२२३ आणि उणे ०.०५१. बेरीज ०.२६७. प्रत्येकाला या बेरजेने भागून ३०.६ ने गुणा. लोकसंख्येच्या वाट्याला सुमारे ११ टक्के येतात, माणशी वापराच्या वाट्याला साडेपंचवीस, आणि ग्रीडने जवळपास सहा टक्के वाचवलेले असतात.

या तीन आकड्यांवर सभेतली अर्धी भांडणं मिटतात. ‘बाहेरून लोंढे येतात म्हणून प्रदूषण वाढतं’ हे वाक्य प्रत्येक शहरात ऐकू येतं. अशा शहरात खरी वाढ आधीपासून राहणाऱ्यांच्या वाढत्या वापराची असते. आणि उणे सहाचं श्रेय महापालिकेने घ्यायचं कारण नाही. ते राजस्थान-गुजरातेत उभ्या राहिलेल्या सौर प्रकल्पांमुळेही असू शकतं. महापालिकेचं स्वतःचं काम तपासायचं असेल तर युनिटमागचा गुणांक दोन्ही वर्षांना एकच ठेवून एकदा वेगळा हिशेब करा.

माणशी वापर का वाढला, हे शोधायला महागडा सर्व्हे लागत नाही. घरच्या वीजबिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटांचा तक्ता छापलेला असतो. वॉर्डातल्या निरनिराळ्या वस्त्यांमधली तीस-चाळीस बिलं मागून घ्या आणि बारा महिन्यांचा आलेख काढा. जानेवारीची पातळी म्हणजे फ्रिज, टीव्ही, दिवे, गीझर. एप्रिल-मे मध्ये वर चढणारा उंचवटा म्हणजे पंखे, कूलर आणि एसी. चाळीत हा उंचवटा बसका असतो. नव्या टॉवरमध्ये, पश्चिमेला पूर्ण काचा लावलेल्या घरांत तो डोंगरासारखा उभा राहतो. विदर्भात तो मार्चपासूनच चढायला लागतो. जिथे उंचवटा मोठा, तिथे बांधकाम परवान्यात सावली, खिडक्यांवरचे छज्जे आणि गच्चीचा पांढरा रंग यांची अट घातली तर उपयोग होईल. जिथे तो नाहीच, तिथे एसीच्या जागृतीची पत्रकं वाटण्यात अर्थ नाही. वाहतुकीसाठी असाच एक साधा प्रश्न पुरतो: घरापासून कामाची जागा किती लांब, आणि वाटेत बस दर किती मिनिटांनी मिळते? दाट वस्ती आणि लोकलमुळे मुंबईच्या बेरजेत वाहतूक २० टक्क्यांवर थांबली आहे. पसरत गेलेल्या, बस नसलेल्या शहरात तो वाटा वाढायला वेळ लागत नाही.

एक मर्यादा लक्षात राहू द्या. या सगळ्या हिशेबात तुम्ही विकत घेतलेलं सिमेंट, लोखंड, मोबाइल, दुसऱ्या राज्यातून आलेला गहू हे धरलेलं नाही. ते जिथे बनलं तिथल्या खात्यात आहे. म्हणून बांधकामांनी गजबजलेलं शहर कारखान्यांच्या गावापेक्षा ‘स्वच्छ’ दिसू शकतं. दरडोई आकड्यावरून दोन शहरांची शर्यत लावू नका. आपल्याच शहराची दोन वर्षं शेजारी ठेवा.

तक्ता तयार झाला की तो कुठे द्यायचा? महापालिकांना पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल दरवर्षी ३१ जुलैच्या आत महासभेपुढे ठेवावा लागतो. म्हणजे तुमचे आकडे मे-जूनमध्ये पर्यावरण विभागात पोहोचले पाहिजेत, नंतर नाही. काही आकडे मिळाले नसतील तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करा. पण ‘शहराचं कार्बन उत्सर्जन किती?’ असं विचारू नका. ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येईल. ‘मागील तीन आर्थिक वर्षांत अमुक पंपिंग स्टेशनच्या मीटरवर महिनावार किती युनिट नोंदले गेले, बिलांच्या छायांकित प्रतींसह’ असं विचारा. डेपोच्या वजनकाट्याच्या नोंदवहीसाठी त्याच दिवशी वेगळा अर्ज द्या, कारण ती वही दुसऱ्या विभागाकडे असते.